मान नसलेल्या हंसासाठी घाट

ज्या गावाला एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेने यायचं, त्या गावच्या माणसाने बोट विकत घेतली. हा माणूस माझा सख्खा थोरला भाऊ आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण देवासमध्ये मी ही गोष्ट सुरू केली की कुणीतरी विचारतंच, "कौन था भिया, वो बावला?" आणि दादा बहुतेक तिथेच, माझ्या शेजारी, पोह्यांवर शेव घालून घेत उभा असतो.

दादाचा पाण्याशी संबंध बादलीपुरता. सगळी नोकरी कारखान्याच्या दुरुस्ती विभागात गेली. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, हा मोबाईलमध्ये गेला. तिथे त्याला परदेशातली म्हातारी जोडपी सापडली. स्वतःच्या बोटी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी. संध्याकाळ झाली की ती बोट एका मरीनात लावायची. मरीना म्हणजे काय, हे दादाने मला इतक्या वेळा समजावलं आहे की मी आता परीक्षेला बसू शकतो. बोट बांधायला धक्का, धक्क्यावर विजेचं बटण, गोड्या पाण्याचा नळ, न्हाणीघर, खानावळ, आणि हात हलवून स्वागत करणारा माणूस.

"आपल्याकडे नर्मदा मैया नाही? काठ नाहीत? मग मरीना का नसावी?" दादा म्हणायचा.

"हात हलवणारे तर पुष्कळ आहेत," मी म्हणायचो.

बोट मिळाली ती एका तलावावरची, पर्यटकांना फिरवून थकलेली. तिचा आकार हंसाचा होता. दादाने तिचं इंजिन दुरुस्त केलं, इतकं छान केलं की ते सुरू झालं की आमच्या गल्लीतला कुत्रा उठून उभा राहायचा. पण हंसाची मान सुकाणूच्या बरोबर समोर यायची. कप्तानाला समोरचं दिसलं पाहिजे, असं म्हणून दादाने एका रविवारी ती मान करवतीने कापली आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवली. तोंड गल्लीकडे. वहिनी तिच्या चोचीला लसणाच्या जुड्या अडकवून वाळत घालते. खाली उरला तो कुशींवर पिसं रंगवलेला, मानेच्या जागी खुंट असलेला प्राणी. दोरी बांधायला खुंट मात्र उत्तम.

ज्या दिवशी बोट ट्रॉलीवर चढवली, त्या दिवशी वहिनी एवढंच म्हणाली, "मैयाचं वाहन मगर आहे. आणि आपली स्वारी हंसावर निघाली. तोही मुंडकं उडवलेला."

वहिनी धारची. आमचे वडील महाराष्ट्रातून देवासच्या कारखान्यात आले ते टिनाची पेटी घेऊन. तिचे पूर्वज आले ते सरकारांच्या लवाजम्याबरोबर, घोडी आणि पालख्या घेऊन. दीडदोनशे वर्षांचा फरक आहे, पण ती तो कालपरवाचा असल्यासारखा वागवते. तिच्या तोंडची मराठी अजून पालखीतच बसलेली आहे. आम्ही "चल" म्हणतो, ती "निघावं म्हणते मी" म्हणते. बोट ठेवायला दादाने धरमपुरी निवडलं ते वहिनीचं माहेर त्या वाटेवर पडतं म्हणून. खरं तर आमच्या देवास जिल्ह्यालाही मैयाचा एक कोपरा आहे, खाली लोहारद्याच्या पलीकडे. पण दादाचा हिशेब असा की बोटीला माहेर जोडलं की बायको आपोआप येते.

आली. पहिल्याच दिवशी धरमपुरीच्या घाटावर बोटीतून उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय सटकला आणि जरीकाठी साडीसकट ती पाण्यात बसली. त्या वेळी घाटावर जेवढे म्हणून लोक आंघोळ करत होते, त्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "नर्मदे हर!"

मी हसलो नाही. म्हणजे बोटीच्या मागे जाऊन हसलो.

त्यानंतर घरात बोटीचं नाव निघेना. मग दिवाळीनंतर एक दिवस वहिनीने चहाबरोबर निकाल आणला. तिरल्याला तिच्या माहेरच्या ओळखीतला एक मॅरेज गार्डनवाला आहे. त्याला हंसाची बोट हवी होती. हिरवळीच्या मधोमध ठेवून आत चाटचा काउंटर करायचा, म्हणाला. हंसाच्या पोटात पाणीपुरी, पंखांवर दहीभल्ले.

दादाने बशी खाली ठेवली. चाळीस वर्षं यंत्रांची दुखणी ऐकलेला माणूस. त्याच्या चेहऱ्यावर मी तसा भाव यापूर्वी फक्त एकदा पाहिला होता, त्याचा जुना लेथ भंगारात गेला तेव्हा.

"इंजिन?" त्याने विचारलं.

"इंजिनाचं त्याला काय करायचंय? ते काढून ठेवील. किंवा त्यात चटणी वाटील."

"अगं..."

"मी अगदीच दुष्ट नाही," वहिनी म्हणाली. "येत्या रविवारी मी येते. एक दिवस. तुमच्या त्या मरीना का काय, तसला एक घाट मला दाखवा. पाय न भिजता, पदर न खोचता, कुणाचा हात न धरता मला उतरता आलं पाहिजे. आणि उतरल्यावर बाईमाणसाला जायची सोय हवी. स्वच्छ. एवढंच. सापडला तर बोट राहील. नाही सापडला तर दिवेलागणीला त्याचा फोन येईल, त्याला मी हो म्हणणार."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब मोहिमेत भरती झालो. मला पोहता येत नाही, बोट चालवता येत नाही, पण आमच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं सूत्रसंचालन मीच करतो. संकटात बोलायला कुणीतरी लागतंच.

रविवारी सकाळी धरमपुरीत पोहे-जिलेबी झाली. दादा टोपी घालून आला होता. पांढरी, काळी झापड, वर सोनेरी दोरी आणि नांगराचं चिन्ह. ती त्याने कुठून मागवली ते त्याने कधी सांगितलं नाही. पण घरी आरशासमोर तो ती घालून उभा राहतो हे मला माहीत होतं. वहिनीच्या पिशवीत डबा होता, हळदकुंकवाची कोयरी होती, आणि दोन नारळ होते.

"नारळ कशाला?" दादाने विचारलं.

"एक जाताना, एक येताना. मैया ओलांडायची तर रिकाम्या हातानं नाही."

हे मला नव्हतं माहीत. वहिनीने बोटीत बसता बसता सांगितलं. तिच्या घराण्यातली पहिली बाई दक्षिणेतून इकडे आली तेव्हा मैयाच्या मध्यावर तिने होडी थांबवली होती. पुढे अनोळखी मुलूख, मागे सगळं माहेर. तिने आपल्या ओटीतला नारळ काढून नदीच्या ओटीत घातला आणि म्हणाली, आता तूच आई. तेव्हापासून त्या घरची बाई मैया ओलांडताना मध्यावर थांबते. होडी असो, मोटार असो. खलघाटच्या पुलावर मागून ट्रकवाले कितीही भोंगे वाजवोत.

"आमचे वडील मैया ओलांडताना रेल्वेत झोपले होते," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे," वहिनी म्हणाली.

धरणाचं पाणी मागे साचल्यापासून नदी तिथे चांगलीच रुंद झाली आहे. पावसाळ्यानंतर तर ती नदी न वाटता एखादं बसलेलं, निवांत, दुपारी न उठणारं तळं वाटते. बेटावरचं देऊळ डावीकडे ठेवून आम्ही खालच्या अंगाला निघालो. ऊन कोवळं होतं, इंजिन गुरगुरत होतं, दादा टोपीखाली तरुण झाला होता.

आमच्याच काठावरचा पहिला घाट लांबून सुरेख दिसला. जवळ गेल्यावर कळलं की पाणी नुकतंच थोडं उतरलंय आणि घाट आणि पाणी यांच्या मध्ये चिखलाचा पट्टा पसरलाय. त्यात एक चप्पल उभी होती. एकटी. तिचा मालक कुठे गेला असेल, यावर मी काही शक्यता सांगितल्या. वहिनीने हात वर केला. "पुढे."

"समोर बघ!" दादा ओरडला. पलीकडच्या काठावर दगडी पायऱ्या उन्हात चमकत होत्या. तो नाक वळवून निघाला, म्हणजे जिथे नाक असायला हवं होतं ते वळवून. मध्यावर पोचल्यावर वहिनीने म्हटलं, "थांबवावी." दादाने इंजिन बंद केलं. वहिनीने नारळाला हळदकुंकू लावलं, पदराचं टोक दोन्ही हातांत घेऊन वाकली आणि नारळ पाण्यात सोडला. तो दोनदा डुबकला आणि आमच्या बरोबर थोडा वेळ वाहत राहिला.

"टोल भरला," दादा पुटपुटला. "आता फाटक उघडेल."

त्या घाटावर म्हशी होत्या. एकदोन नाही, पायरीगणिक. गळ्यापर्यंत पाण्यात बसून त्या रवंथ करत होत्या आणि आमच्याकडे अशा बघत होत्या, जशा आपण उशिरा आलेल्या पाहुण्यांकडे बघतो. दादाने भोंगा वाजवला. एका म्हशीने कान हलवला. बस.

"पार्किंग फुल्ल," मी जाहीर केलं.

"मागे बघा," दादा म्हणाला, आता त्याला घाई झाली होती. आमच्या काठावर, थोडं खाली, नवाकोरा सिमेंटचा घाट दिसत होता. रंगीत दिवे, कट्टे, सगळं. पुन्हा मध्यावर थांबणं, हळदकुंकू, दुसरा नारळ. "रिटर्न टोल," दादा म्हणाला. वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते न ऐकणं मला ओळखता येतं. घरी त्यानंतर आमटीत मीठ कमी पडतं.

नवा घाट खरंच देखणा होता. पायऱ्या मात्र सगळ्या पाण्याखाली होत्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, पाण्याच्या बरोबर काठाने, स्टीलचा चकचकीत कठडा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सलग. आत जायला जागाच ठेवलेली नव्हती. आम्ही बोट कठड्याला समांतर पुढे नेली, मागे आणली. पलीकडे बाकावर बसलेले एक गृहस्थ शेंगदाणे खात आमच्याकडे पाहत होते.

"भाई साब, अंदर कैसे आते हैं?" दादाने विचारलं.

"गाँव की तरफ से," ते म्हणाले.

"और नदी की तरफ से?"

त्यांनी एक शेंगदाणा सोलून विचार केला. "नदी की तरफ से कौन आता है?"

वहिनीने कठड्याकडे पाहिलं, आपल्या साडीकडे पाहिलं आणि मग दादाकडे. दादाने टोपी पुढे ओढली.

दुपार झाली तेव्हा पलीकडच्या काठावर मला एक पिवळी खोली दिसली. बाजूला पांढऱ्या रंगाने बाईचं चित्र काढलेलं. मी जागच्या जागी उभा राहून असा ओरडलो की बोट हलली. "सोय! वहिनी, सोय!"

आता अडचण अशी की नारळ संपले होते.

"लाडू आहेत," वहिनी जरा वेळाने म्हणाली. तिच्या हातचे बेसनाचे, बेदाण्यांचे. आमच्या दुपारचे. मध्यावर तिने डब्यातले सगळे लाडू एकेक करून मैयाला दिले. मी चौथ्या लाडवाला तोंड फिरवलं. दादा मात्र बघत राहिला आणि म्हणाला, "आज टोलवाल्यांची चैन आहे."

पिवळ्या खोलीला कुलूप होतं. किल्ली एका माणसाकडे असते, तिथल्या एका गुराख्याने सांगितलं.

"वो किधर है?"

गुराख्याने आम्ही आलो त्या काठाकडे हात केला. "धरमपुरी. बाज़ार गया है."

दादाने बोट काठापासून मागे घेतली. आमची मोटार पलीकडे. घर पलीकडे. वहिनीला सकाळपासून कुठे जाता आलं नव्हतं, आणि तिच्या पिशवीत मैयाला द्यायला काही उरलं नव्हतं.

"चला मग, सरळ घरी," दादा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. ऊन कलायला लागलं होतं आणि हंसाच्या पोटात पाणीपुरी भरलेली त्याला स्वच्छ दिसत होती.

"कसं चला?" वहिनी म्हणाली. "रिकाम्या हातानं मी नाही मैया ओलांडणार."

"सुट्टे टाक चार रुपये. सगळे टाकतात."

"नाणी आहेत तुमच्याकडे?"

दादाने खिसे चाचपले. मी चाचपले. नाणी कोण बाळगतं आता? आमच्याकडे तीन मोबाईल होते आणि तिन्हींतही पैसे होते. मैयाचा क्यूआर कोड कुठे चिकटवलेला दिसतो का, असं मी पाण्याकडे वाकून म्हणालो, आणि दादाला हसू आलं. वहिनीला नाही.

"तुम्हाला टोल वाटतो," ती दादाला म्हणाली, अगदी हळू. "माझी आजी पलीकडे नातलगांकडे तापाने पडली, पुलावरून इंदूरला नेत होते दवाखान्यात. मध्यावर तिने मोटार थांबवायला लावली. नारळ नव्हता. हातातली हिरवी बांगडी काढून दिली. मग म्हणाली, आता न्या कुठं न्यायचं ते."

दादाने इंजिन अगदी मंद केलं आणि काठाकाठाने निघाला, कुठे दुकान, वस्ती दिसते का ते बघत. नारळासाठी.

"ओ टोपी!"

आम्ही दचकलो. काठावर एक म्हातारी उभी होती, कमरेवर हात. लुगडं गुडघ्याच्या वर ओढलेलं, आवाज असा की माइकची गरज नाही. ती निमाडी बोलत होती. मला तेवढी येत नाही, म्हणून तिची वाक्यं मी निम्मी हिंदीच करून लिहितोय. "ओ टोपी! उधर मत जा, नीचे बबूल डूबा पड़ा है! पंखा टूटेगा थारा!"

दादाने घाईने वळवलं. "माँजी, उतरने की जगह है?"

"किसको उतरना है?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. म्हातारीनेही वहिनीकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि एका बाईला दुसऱ्या बाईचं जे कळतं ते तिला कळलं. "रुक," ती म्हणाली, आणि झाडामागून एक खाट ओढत आणली.

खाट म्हणजे लाकडी बाज, पण सुंभाऐवजी वर फळ्या ठोकलेल्या. दोन पाय पाण्यात, दोन काठावर. पाणी उतरलं की काठाचा चिखल होतो, म्हणून ती याच खाटेवर बसून धुणं धुते, परिक्रमेला निघालेली माणसं येतात ती यावरूनच आपला कमंडलू भरतात. दादाने बोट खाटेला लावली आणि खुंटाची दोरी खाटेच्या पायाला बांधली.

वहिनी उठली. दादा हात पुढे करायला गेला आणि मध्येच आवरला, अट आठवून. वहिनीने एक पाय फळीवर ठेवला. खाट करकरली, हलली नाही. दुसरा पाय. चार पावलं, आणि ती कोरड्या गवतावर उभी होती. पदर जागच्या जागी. म्हातारीने तिला दंडाला धरून न्यावं तसं नुसत्या नजरेने घराकडे नेलं.

दादा आणि मी खाटेजवळ उभे राहिलो. माणसं दवाखान्यात आतल्या दाराबाहेर उभी राहतात तसे.

"स्वच्छ असेल?" दादा म्हणाला.

"नळ असेल का?"

"तू गप्प बस."

वहिनी आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता आणि केस नीट केलेले होते. दादाने भुवया उचलल्या.

"स्वच्छ," वहिनी म्हणाली.

मी राज्याभिषेक पाहिलेला नाही. पण तो असाच काहीसा असणार.

मग आम्ही पडवीत बसलो. म्हातारीने ज्वारीचे रोटले आणि अंबाडीची भाजी पुढे केली. मोबाईल लावायला भिंतीवर बटण होतं. अंगणात हातपंप. दादा एकेक गोष्ट बघत होता आणि मला कोपराने ढोसत होता. "वीज. पाणी. खानावळ. सोय. धक्का. भिया, ही मरीना आहे!"

"का बोल रिया है?" म्हातारीने मला विचारलं.

"कह रहे हैं, आपका घर बहुत अच्छा है."

"वो तो है. पर इस हंस की मुंडी किधर गई?"

"काट दी," दादाने कबूल केलं.

"क्यों? काटता था?"

वहिनी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. आणि हसता हसता तिची नजर पडवीतल्या फळीवर गेली. तिथे नारळ होता. परिक्रमेतल्या कुणी दिलेला असणार.

"लेओ," म्हातारी लगेच म्हणाली. "ले जाओ."

वहिनीने मान हलवली. मैयाला द्यायचा तो आपला हवा, दुसऱ्याकडून फुकट घेतलेला नाही. हे तिने तिच्या हिंदीत समजावलं, आणि तिची हिंदीसुद्धा पालखीतून येत असल्यामुळे म्हातारीला ते चटकन पटलं.

"तो मोल दे."

वहिनीने मोबाईल काढला. म्हातारीने तो परत तिच्या पर्समध्ये ठेवला. "ये म्हारे को नी चलता. म्हारा छोरा सूरत में है, वो चलाता है." तिने आजूबाजूला पाहिलं, आम्हा तिघांकडे पाहिलं, काय काढून घेता येईल त्याचा अंदाज घेत. मग तिचा हात वर गेला. "वो दे."

दादाची टोपी.

"म्हारे खेत में बिजूका खड़ा है," ती म्हणाली, म्हणजे बुजगावणं. "नंगे सिर. तोते उसके कंधे पे बैठ के ज्वार खाते हैं. साहब की टोपी पहनेगा तो डरेंगे."

वहिनी म्हणाली, "नको हो, त्यांची आवडती आहे. बघू दुसरं काही."

दादाने दोन्ही हातांनी टोपी काढली. कपाळावर तिची खूण उमटली होती, वर पांढरी, खाली उन्हाने लाल. त्याने आतली घामाची पट्टी बाहीने पुसली, सोनेरी दोरी सरळ केली आणि टोपी म्हातारीच्या हातात दिली.

"नारळ तू घे," तो वहिनीला म्हणाला. "तुझा आहे तो आता."

वहिनीने नारळ फळीवरून उचलला. त्याच्याकडे पाहिलं नाही. पण मी त्या घरात इतकी वर्षं जेवतोय. त्या न पाहण्याचा अर्थ वेगळा होता. आमटीत मीठ बरोबर पडणार होतं.

परतताना नदीच्या मध्यावर दादाने न सांगता इंजिन बंद केलं. सूर्य खालच्या अंगाच्या टेकड्यांवर टेकला होता. वहिनीने नारळाला हळदकुंकू लावलं, आणि या वेळी दादाने तिच्या हाताखाली हात धरला. मी मागे वळून पाहिलं तर काठावर, ज्वारीच्या ताटांमधून, एक सोनेरी ठिपका चमकत होता. म्हातारीने वेळ घालवला नव्हता.

धरमपुरीच्या घाटावर तेच शेवाळ होतं, त्याच पायऱ्या. वहिनीने चपला हातात घेतल्या, पदर खोचला, दादाचा हात घट्ट धरला आणि गुडघाभर पाण्यातून चालत वर गेली. अटीबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. मीही नाही. तेवढी अक्कल मला आहे.

पायऱ्यांवर असतानाच फोन आला. दिवे लागत होते.

"हो, मीच बोलते," वहिनी म्हणाली. पलीकडून तिरल्याचा मॅरेज गार्डनवाला काहीतरी उत्साहाने सांगत होता, बहुधा चटण्यांबद्दल. दादा पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. "नाही भैया. नाव नहीं देनी. हाँ, हाँ, मैंने कहा था. अब नहीं." मग ती थांबली, तिने दादाच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुंडी चाहिए तो ले जाओ. छत पर पड़ी है. लहसुन हम उतार लेंगे."

बोट आता आमचीच आहे. महिन्यातून एकदा आम्ही पलीकडे जातो, नारळ पोत्याने नेतो, आणि लांबून सोनेरी ठिपका दिसला की दादा त्या रोखाने सुकाणू धरतो. परदेशात त्याला दीपगृह म्हणतात, असं तो म्हातारीला सांगतो. ती म्हणते, तोते अब भी खाते हैं, पर पहले टोपी को नमस्ते करते हैं.

परवा तिरल्याला एका लग्नाला गेलो होतो. हिरवळीवर चाटचा काउंटर होता, साध्या टेबलांचा, आणि त्याच्या मधोमध उभी होती आमची मान. नवा पांढरा रंग, चोच केशरी, गळ्यात झेंडूची माळ. दादा प्लेट हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्या दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिलं.

"भाऊजी," वहिनी मला हळूच म्हणाली, "त्या काउंटरवाल्याला सांगा, जरा हिचं तोंड तिकडं फिरव म्हणावं. ह्यांना पाणीपुरी जात नाहीये."